रक्तातील आकडा आणि न्यायालयातील पुरावा

शरीरात गेलेले मद्य, मादक द्रव्य, औषध किंवा विष कोणते होते, ते किती प्रमाणात होते आणि त्याचा त्या माणसाच्या वागण्याशी किंवा मृत्यूशी काही संबंध होता का, या तीन प्रश्नांची न्यायालयात टिकतील अशी उत्तरे शोधणाऱ्या शास्त्राला न्यायवैद्यक विषशास्त्र म्हणतात. रुग्णालयातील डॉक्टरही विषबाधेची तपासणी करतात, परंतु त्यांचा हेतू उपचाराचा असल्यामुळे लवकर मिळालेले ढोबळ उत्तरही त्यांना पुरते. न्यायवैद्यक तपासणीच्या उत्तरावर मात्र एखाद्याचे स्वातंत्र्य, नोकरी किंवा विम्याची भरपाई अवलंबून असते, म्हणून ते उत्तर मिळवण्याचा प्रत्येक टप्पा उलटतपासणीला तोंड देण्याइतका पक्का असावा लागतो. महाराष्ट्रात पोलीस आणि वकील ज्याला ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, त्या रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात शेवटी एखादा आकडा किंवा एखाद्या द्रव्याचे नाव असते. त्या आकड्याला वजन येते ते जितके रसायनशास्त्रामुळे, तितकेच नमुना कधी, कोणी आणि कशात घेतला व तो कोणाकोणाच्या हातांतून गेला यामुळे.

सोमलापासून सुरुवात

या शास्त्राचा पाया एकोणिसाव्या शतकात सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या, शोधातून घातला गेला. इंग्लंडमध्ये १८३२ साली विषप्रयोगाच्या एका खटल्यात जेम्स मार्श या रसायनशास्त्रज्ञाने आर्सेनिकचा पिवळा साका मिळवला होता, परंतु ज्यूरीसमोर येईपर्यंत तो बिघडला आणि आरोपी सुटला. या अपयशानंतर मार्शने १८३६ मध्ये जी चाचणी प्रसिद्ध केली, तिच्यात आर्सेनिकचा वायू तापवलेल्या काचेवर चकचकीत काळ्या थराच्या रूपाने जमतो आणि तो थर टिकतो. विष सापडणे पुरेसे नसून ते न्यायालयापर्यंत पोहोचेपर्यंत शाबूत राहिले पाहिजे, हा या शास्त्राचा पहिला धडा ठरला. पॅरिसमध्ये अध्यापन करणाऱ्या मॅथ्यू ऑर्फिला यांनी विषांवरील आपल्या ग्रंथाने या विषयाला शिस्त दिली, आणि बेल्जियमच्या झाँ स्तास यांनी १८५० मधील एका खुनाच्या तपासात मृताच्या अवयवांतून निकोटिन वेगळे करून दाखवल्यावर वनस्पतिजन्य विषेही शोधता येतात हे सिद्ध झाले.

भारतात अशा तपासणीसाठी रासायनिक परीक्षकाची पहिली प्रयोगशाळा मद्रास येथे १८४९ मध्ये सुरू झाली आणि मुंबईला १८७० मध्ये अशी प्रयोगशाळा मिळाली. आज महाराष्ट्रात हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाकडे असून त्याचे मुख्य केंद्र मुंबईत कालिना येथे आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती अशा ठिकाणी त्याच्या प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. तेथील शासकीय तज्ज्ञाचा अहवाल, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ प्रमाणे आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे, तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. न्यायालयाला आवश्यक वाटल्यास त्याला बोलावण्याचा अधिकार अर्थातच आहे.

मद्यार्काचा शरीरातील प्रवास

दारूतील मद्यार्क, म्हणजे इथाइल अल्कोहोल, पचवावे लागत नाही. त्याचा थोडा भाग जठरातून आणि बराचसा लहान आतड्यातून थेट रक्तात शोषला जातो. प्यायल्यानंतर साधारण अर्ध्या ते दीड तासात रक्तातील त्याचे प्रमाण शिगेला पोहोचते, आणि पोट भरलेले असेल तर हा चढ सावकाश व कमी उंचीचा होतो. त्यानंतर यकृतातील विकरे मद्यार्काचे प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइडमध्ये आणि पुढे अ‍ॅसिटेटमध्ये रूपांतर करतात. जेमतेम पाच ते दहा टक्के भाग श्वास, लघवी आणि घाम यांतून तसाच बाहेर पडतो. यकृताचा वेग ठरलेला असल्यामुळे बहुतेक प्रौढांच्या रक्तातील प्रमाण तासाला १०० मिलीलिटरमागे १० ते २५ मिलिग्रॅम, सरासरीने १५ मिलिग्रॅमच्या आसपास, कमी होत जाते. कॉफी, लिंबूपाणी किंवा गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील एरिक विडमार्क यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून पोटात गेलेल्या मद्यार्कावरून रक्तातील प्रमाणाचा अंदाज करण्याचे सूत्र मिळाले. मद्यार्क शरीरातील पाण्यात पसरतो, मेदात फारसा पसरत नाही, म्हणून एकूण वजनाचा किती हिस्सा त्याला उपलब्ध आहे हे दाखवणारा गुणक पुरुषांसाठी सुमारे ०.६८ आणि स्त्रियांसाठी सुमारे ०.५५ धरला जातो. भारतीय व्हिस्की किंवा रममध्ये साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो, त्यामुळे ३० मिलीलिटरच्या एका ‘स्मॉल’ पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्यार्क जातो. या सूत्रानुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी असा एक पेग घेतला तर १०० मिलीलिटर रक्तातील प्रमाण सुमारे २३ मिलिग्रॅमपर्यंत, आणि दोन पेग घेतले तर सुमारे ४५ मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत एकाच पेगने ते ३३ मिलिग्रॅमच्या आसपास पोहोचते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ ने चालकासाठी ठरवलेली मर्यादा १०० मिलीलिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे ‘दोनच घेतले’ हे समर्थन बहुतेकांच्या बाबतीत गणितातच टिकत नाही. त्याच पुरुषाने १८० मिलीलिटरची एक क्वार्टर मध्यरात्रीपर्यंत संपवली तर प्रमाण १३६ च्या घरात जाते आणि सरासरी वेगाने ते ३० च्या खाली यायला सात तास लागतात. रात्रभर झोप झाली, डोके हलके वाटले, तरी सकाळी स्टिअरिंगवर बसलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने अजून मर्यादेबाहेर असू शकतो.

ही मर्यादा सर्वत्र सारखी नाही. इंग्लंडमध्ये ती ८० मिलिग्रॅम, स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५० आणि स्वीडनमध्ये केवळ २० आहे. महाराष्ट्रात तर दोन कायद्यांचे दोन आकडे शेजारी नांदतात, कारण १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालील खटल्यात रक्तातील मद्यार्क ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलीलिटरमागे ५० मिलिग्रॅम, किंवा अधिक असल्याचे सिद्ध झाले की आपण घेतलेला पदार्थ औषधी स्वरूपाचा होता हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. आयुर्वेदातील आसवे आणि अरिष्टे मुरताना त्यांत आपोआप मद्यार्क तयार होतो, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे अशा तरतुदीचे कारण कळते.

श्वासातून अंदाज, रक्तातून निर्णय

फुफ्फुसाच्या सूक्ष्म वायुकोशांत रक्त आणि हवा यांच्यामध्ये अत्यंत पातळ पडदा असतो आणि रक्तातील मद्यार्क ठरावीक प्रमाणात त्या हवेत उतरतो. सुमारे २१०० मिलीलिटर खोल श्वासातील मद्यार्क एक मिलीलिटर रक्तातील मद्यार्काइतका असतो, असे गृहीत धरून श्वासावरून रक्ताचा आकडा काढला जातो. अमेरिकेत रॉबर्ट बॉर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये बनवलेल्या ब्रेथलायझरमध्ये श्वासातील मद्यार्कामुळे पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणाचा नारिंगी रंग हिरवटाकडे झुकत असे आणि रंगातील तो बदल मोजला जाई. आज नाकाबंदीत पोलिसांच्या हातात असणाऱ्या बहुतेक चांगल्या उपकरणांत इंधनघट असतो. त्यातील प्लॅटिनमच्या विद्युदग्रांवर मद्यार्काचे ज्वलन होऊन जो सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो, तो मद्यार्काच्या प्रमाणात असतो.

श्वासचाचणी झटपट होते, सुईशिवाय होते आणि जागेवरच निकाल देते, पण तिच्या मर्यादा तिच्या तत्त्वातच आहेत. २१०० हे प्रमाण सरासरी असून ते माणसागणिक आणि शरीराच्या तापमानागणिक थोडे बदलते. नुकतेच चूळ भरायला वापरलेले मद्यार्कयुक्त माउथवॉश, ढेकर किंवा उलटी यांमुळे तोंडातच मद्यार्क असेल तर आकडा फसवा येतो. म्हणून चाचणीपूर्वी सुमारे पंधरा मिनिटे थांबणे, दोन वेळा श्वास घेणे आणि उपकरणाचे ठरावीक काळाने अंशशोधन करणे, म्हणजे ज्ञात प्रमाणाच्या वायूवर त्याचा आकडा पडताळणे, या गोष्टी केवळ औपचारिक नाहीत.

वादग्रस्त प्रकरणात शेवटचा शब्द रक्ताचा असतो. कलम १८५ खाली अटक झालेल्या चालकाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून तपासणी झाली पाहिजे, अन्यथा त्याला सोडावे लागते, असे मोटार वाहन कायदा सांगतो. महाराष्ट्रात रक्त कसे घ्यावे हे दारूबंदी कायद्याखालील १९५९ च्या नियमांनी बारकाईने सांगितले आहे. त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसावी, सुई आणि सिरिंजला कोणत्याही टप्प्यावर मद्यार्काचा स्पर्श होऊ नये, किमान पाच मिलीलिटर रक्त घ्यावे, ते गोठणरोधक आणि परिरक्षक असलेल्या कुपीत घालून नीट हलवावे, कुपीवर नाव-नोंद चिकटवून लाखेची मोहोर करावी आणि ती सात दिवसांच्या आत तपासणी अधिकाऱ्याकडे पोहोचेल अशी पाठवावी, असा त्यांचा आशय आहे. एरवी इंजेक्शनपूर्वी स्पिरिटचा बोळा फिरवण्याची रुग्णालयातील सवय येथे पुराव्यावर शंका आणू शकते. कुपीतील पोटॅशियम ऑक्झलेट रक्त गोठू देत नाही आणि सोडियम फ्लोराइड जंतूंचे व विकरांचे काम थांबवते. ते कमी पडले तर रक्तातील साखर कुपीतच आंबून नवा मद्यार्क तयार होतो किंवा असलेला घटतो, आणि प्रयोगशाळेत मोजला जातो तो आकडा त्या माणसाचा राहत नाही.

प्रयोगशाळेत सध्या विश्वासार्ह मानली जाणारी पद्धत वायुवर्णलेखनाची, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीची आहे. बंद कुपीत रक्ताचा छोटा अंश गरम केला जातो, त्याच्यावर साठलेली वाफ एका अरुंद व लांब नळीतून वाहक वायूबरोबर सोडली जाते आणि मिश्रणातील प्रत्येक पदार्थ आपल्या गुणधर्मानुसार वेगवेगळ्या वेळी नळीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतो. शरीरात सहसा नसणारा एन-प्रोपेनॉल हा पदार्थ ठरावीक प्रमाणात आधीच मिसळलेला असल्याने त्याच्याशी तुलना करून मद्यार्काचे प्रमाण काढता येते, आणि एकच नमुना दोन निरनिराळ्या नळ्यांवर तपासला तर चुकीच्या ओळखीची शक्यता जवळपास उरत नाही.

हीच पद्धत इथाइल अल्कोहोल आणि मिथाइल अल्कोहोल यांना सहज वेगळे करते, आणि विषारी दारूच्या दुर्घटनांत हा भेद जीवनमरणाचा असतो. मुंबईत मालाडच्या मालवणी भागात जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे दगावली ती मिथेनॉलमुळे. यकृत मिथेनॉलचे फॉर्मलडिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल बनवते, ते आम्ल दृष्टीच्या मज्जातंतूवर घाला घालते आणि रक्त आम्लधर्मी करते. लक्षणे बारा ते चोवीस तास उशिराने दिसत असल्यामुळे अनेक जण रुग्णालयात पोहोचतात तेव्हा वेळ गेलेली असते. मिथेनॉलवर काम करणाऱ्या विकराला इथेनॉल अधिक प्रिय असल्याने डॉक्टर त्याचाच किंवा फोमेपिझोल या औषधाचा उतारा म्हणून उपयोग करतात आणि रक्त डायलिसिसने शुद्ध करतात.

मृत शरीराची साक्ष

मृत्यूनंतर रक्ताभिसरण थांबते, पण रसायनांची हालचाल थांबत नाही. यकृत, फुफ्फुसे आणि हृदयाचे स्नायू यांत साठलेली अनेक औषधे हळूहळू हृदयातील रक्तात उतरतात, त्यामुळे तेथून घेतलेल्या नमुन्यात मृत्युसमयी नव्हते इतके प्रमाण दिसू शकते. म्हणून शवविच्छेदनात शक्य तेथे मांडीच्या शिरेतील रक्त घेतले जाते. कुजण्याच्या प्रक्रियेत जंतू आणि यीस्ट साखरेपासून मद्यार्क बनवतात. आंबवलेल्या पिठात घडणारी क्रिया येथे मृतदेहात घडते आणि आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसाच्या रक्तातही मद्यार्क सापडतो. अशा वेळी डोळ्याच्या गोळ्यातील काचाभ द्रव उपयोगी पडतो, कारण तो बंदिस्त असल्यामुळे तेथे जंतू उशिरा पोहोचतात. इथाइल ग्लुकुरोनाइड हा पदार्थ तर जिवंत शरीरात मद्यार्कावर प्रक्रिया झाल्यावरच बनतो, त्यामुळे तो लघवीत सापडणे हा माणूस खरोखर प्यायला होता याचा चांगला पुरावा ठरतो.

‘व्हिसेरा राखून ठेवला’ हे बातम्यांतील परिचित वाक्य याच कामाशी संबंधित आहे. जठर व त्यातील अन्न, लहान आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंड आणि प्लीहा यांचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवले जातात. फॉर्मलिन वापरले जात नाही, कारण त्याने ऊतींचे गुणधर्म बदलून विष वेगळे करणे कठीण होते. मद्यार्काच्या तपासणीसाठी ठेवलेल्या अवयवांना रेक्टिफाइड स्पिरिट चालत नाही, हे ओघानेच आले.

मादक द्रव्यांची दुहेरी तपासणी

मादक द्रव्यांच्या बाबतीत काम अधिक गुंतागुंतीचे होते, कारण शोधायचा पदार्थ एक नसून शेकडो असतात आणि त्यांचे प्रमाण नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एकअब्जांश भागात, मोजावे लागते. पहिल्या टप्प्यात लघवीवर प्रतिपिंडांच्या साहाय्याने चाळणी-चाचणी होते. ही प्रतिपिंडे विशिष्ट घडणीच्या रेणूंना चिकटतात, परंतु तशाच घडणीच्या निरुपद्रवी औषधालाही चिकटू शकतात, त्यामुळे सर्दीच्या गोळीतील स्यूडोएफेड्रीन अ‍ॅम्फेटामिनसारखे भासू शकते. म्हणून या टप्प्यावर मिळालेला होकार हा केवळ संशय समजायचा असतो. दुसऱ्या टप्प्यात वर्णलेखनाला वस्तुमान वर्णपटमापकाची जोड देतात. त्यात रेणू फोडून त्याच्या तुकड्यांच्या वस्तुमानांचा क्रम तपासला जातो आणि तो क्रम प्रत्येक पदार्थासाठी वेगळा असल्यामुळे ओळख पक्की होते.

खसखशीचे उदाहरण या दुहेरी तपासणीची आणि प्रमाणाच्या मर्यादेची गरज स्पष्ट करते. खसखस अफूच्याच बोंडातून येते आणि तिच्यावर मॉर्फिनचा अंश असू शकतो, त्यामुळे खसखशीचे पदार्थ भरपूर खाल्ल्यावर लघवीत मॉर्फिन सापडणे शक्य आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारने कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांत अफूजन्य द्रव्यांची मर्यादा १९९८ मध्ये मिलीलिटरमागे ३०० वरून २००० नॅनोग्रॅमपर्यंत वाढवली ती याच कारणाने. हेरॉईन घेतलेल्या माणसाच्या लघवीत मात्र ६-मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फिन हा पदार्थ थोडा काळ आढळतो आणि तो खसखशीतून येऊ शकत नाही. दिवाळीचे अनारसे खाणारा आणि हेरॉईन घेणारा यांच्यातला फरक प्रयोगशाळा करते तो असा.

कोणता नमुना घेतला यावर उत्तराचा अर्थ बदलतो. रक्त गेल्या काही तासांबद्दल सांगते, लघवी बहुतेक द्रव्यांच्या बाबतीत एक ते तीन-चार दिवसांबद्दल, आणि महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढणारा केस मुळाजवळच्या तीन सेंटिमीटरमध्ये जवळपास तीन महिन्यांचा इतिहास साठवतो. गांजातील मुख्य द्रव्य मेदात साठत असल्यामुळे नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अवशेष कित्येक आठवडे सापडतात. म्हणून लघवीतील होकार हा सेवनाचा पुरावा असतो, त्या क्षणीच्या नशेचा नव्हे; मद्यार्काच्या बाबतीत करता येतो तसा गाडी चालवण्याच्या क्षमतेचा खात्रीशीर अंदाज रक्तातील गांजाच्या प्रमाणावरून करता येत नाही. कलम १८५ ने मादक द्रव्यांसाठी आकड्याची मर्यादा न ठेवता वाहनावर योग्य नियंत्रण ठेवता न येणे हीच कसोटी ठेवली आहे, आणि तिच्यासाठी डॉक्टरने त्याच वेळी नोंदवलेली चाल, बोलणे, बाहुल्या व नाडी यांची निरीक्षणे अहवालाइतकीच मोलाची ठरतात.

नवनव्या कृत्रिम द्रव्यांनी या कामात भर घातली आहे. महाराष्ट्रात ‘एमडी’ या नावाने विकले जाणारे मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या सूचीत आले, पण बाजारात मिळणाऱ्या साध्या चाचणीपट्ट्या ते हमखास पकडत नाहीत. नकारार्थी अहवालाचा अर्थ ‘ज्या पदार्थांचा शोध घेतला, ते सापडले नाहीत’ इतकाच असतो.

साखळीतील कच्चे दुवे

सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये महाराष्ट्रातील एका अपघाताच्या खटल्यात, तोंडाला दारूचा वास, अडखळती चाल आणि असंबद्ध बोलणे या नोंदी असूनही रक्त किंवा लघवीची तपासणी झालेली नसल्यामुळे चालक नशेत होता असे मानण्यास नकार दिला. उलट २०२१ मध्ये विम्याच्या एका दाव्यात याच न्यायालयाने, केवळ चाचणी नाही म्हणून विमा कंपनीची बाजू आपोआप कोसळत नाही, परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही नशा सिद्ध करता येते, असे स्पष्ट केले. गुन्हा आणि विमा यांतील पुराव्याचे निकष वेगळे असल्याने या दोन निर्णयांत विरोध नाही, परंतु वेळेवर घेतलेला नमुना हाताशी असता तर दोन्हीकडचे कित्येक वर्षांचे वाद टळले असते.

नमुना घेतल्यानेही प्रश्न संपत नाही. वांद्रे येथे सप्टेंबर २००२ मध्ये घडलेल्या आणि देशभर गाजलेल्या अपघाताच्या खटल्यात रक्तात १०० मिलीलिटरमागे ६२ मिलिग्रॅम मद्यार्क असल्याचा अहवाल होता. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये आरोपीला निर्दोष सोडताना त्या रक्तनमुन्याच्या हाताळणीबद्दल आणि ताब्याच्या साखळीबद्दल शंका व्यक्त केली. पुण्यात कल्याणीनगर येथे मे २०२४ मध्ये दोघांचा बळी घेणाऱ्या अपघातानंतर तर रुग्णालयातच रक्तनमुना बदलण्यात आल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला आणि त्यासाठी दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी केलेल्या डीएनए तुलनेचा आधार दिला. या आरोपांचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे, तथापि नमुन्याची ओळखच वादात सापडली तर जगातील सर्वांत अचूक यंत्रही निरर्थक ठरते, हे त्यातून सर्वांच्या ध्यानात आले. उशीर हा तितकाच मोठा शत्रू आहे. अपघातानंतर आठ तासांनी रक्त घेतले तर मधल्या काळात १०० मिलीलिटरमागे ८० ते २०० मिलिग्रॅम मद्यार्क शरीरातून गेलेला असू शकतो, मागे मोजत जाण्याच्या गणितात इतका मोठा फरक राहतो, आणि रक्तातील प्रमाण शून्यावर आले असेल तर ते गणित मांडताच येत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. महाराष्ट्रातील वादग्रस्त ठरलेल्या गाजलेल्या प्रकरणांत मुख्य प्रश्न यंत्राच्या अचूकतेपेक्षा नमुन्याच्या प्रवासाचा होता. नमुना लवकरात लवकर आणि शक्य तर दोन मोहोरबंद कुप्यांत घेणे, घेताना चित्रीकरण करणे, देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्या व वेळ प्रत्येक टप्प्यावर नोंदवणे आणि दुसरी कुपी वाद झाल्यास फेरतपासणीसाठी शीतपेटीत राखणे, या गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. नव्या प्रयोगशाळा आणि महागडी यंत्रे यांच्याइतकेच लक्ष रात्रपाळीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रशिक्षण, त्याच्या टेबलावरची योग्य कुपी आणि पोलीस ठाण्यातील नोंदवही यांकडे शासनाने दिले पाहिजे, कारण निरपराधाला वाचवणारा आणि अपराध्याला शिक्षा देणारा पुरावा तेथेच टिकतो किंवा नष्ट होतो.